विहिरीवरची दोरी

अण्णा गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "काय धाडसी माणूस होता!" मी मान हलवत राहिलो. पण आता लिहून टाकायलाच हवं. चाळिशीपर्यंत मी माझ्या वडिलांना मनातून भित्रा समजत होतो.

नाशिकमध्ये फौजी घर म्हटलं की लोकांना देवळालीचा तोफखाना आठवतो. आमचे अण्णा नौदलात डायव्हर होते. कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकले आणि पुढं वीसेक वर्षं जहाजाचा तळ तपासणं, पंख्यात अडकलेलं जाळं कापणं, बुडालेलं शोधणं हेच केलं. असा माणूस सुटीवर पंचवटीतल्या घरी आला की आम्हां भावंडांना रामकुंडात गुडघ्यापलीकडे उतरू देत नसे. सोमेश्वरच्या धबधब्याचं तर नावच काढायचं नाही. त्यांच्या प्रत्येक आंतरदेशीय पत्रात शेवटची ओळ माझ्यासाठी असायची: नदीवर गेला नाहीस ना?

निफाडजवळ मामाच्या मळ्यात विहीर होती. मामेभाऊ पाठीला डबा बांधून धडाधड उड्या मारायचे. माझ्या कमरेला मात्र अण्णांनी दोरी बांधली आणि दुसरं टोक धरून काठावर बसले. त्यांचा एक हिसका म्हणजे "ठीक आहेस?" मीही एक हिसका द्यायचा, म्हणजे "ठीक आहे." सगळी पोरं हसत होती. मी रागानं उत्तरच दिलं नाही. त्यांनी आणखी एकदा हिसका दिला आणि लगेच बादलीसारखं मला वर ओढून घेतलं. पोट खरचटलं. मी दहा वर्षांचा होतो. तो अपमान मी पुढं कितीतरी वर्षं सांभाळला.

२ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला मोठा पूर आला. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय, हे बघायला सगळं नाशिक लोटलं होतं. त्याच रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. पुढचे कितीतरी दिवस अण्णा टीव्हीसमोरून हलले नाहीत. गढूळ, ओढीच्या, मगरी असलेल्या पाण्यात नौदलाचे डायव्हर उतरत होते. मी म्हणालो, "अण्णा, आता कोणी जिवंत सापडणार नाही. मग या पोरांना कशाला खाली सोडतात?"

"काठावर माणसं उभी असतात रे."

बराच वेळ गेला. मग ते आपण होऊन बोलायला लागले, आयुष्यात पहिल्यांदाच. गाळाच्या पाण्यात दिव्याचा उपयोग नसतो, उजेड गाळावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. तळाशी वजन टाकायचं, त्याची दोरी एका हातानं ताणून धरायची आणि दुसऱ्या हातानं चाचपत गोल फिरायचं. फेरी पुरी झाली की हातभर दोरी सोडायची, पुन्हा फेरी. बघायचं ते बोटांनी. बोटांना बूट लागतो, पट्टा लागतो, केस लागतात. "कधी लहान बांगडी लागते," एवढं म्हणून ते थांबले. नंतर म्हणाले, "खालून उत्तर आलं नाही तर वरचा एकदाच परत विचारतो. मग वाट बघत बसायचं नसतं. ओढून घ्यायचं."

विहिरीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

भारनियमनाच्या दिवसांत एकदा आईच्या कुडीची फिरकी अंधारात पडली होती. मी टॉर्च शोधत होतो. अण्णांनी एक तळवा फरशीवर टेकवला, दुसऱ्या हातानं सावकाश अर्धगोल काढत गेले आणि फिरकी उचलून आईच्या हातावर ठेवली. आम्ही तेव्हा हसलो होतो. तो हात कुठं शिकला होता, हे मला त्या ऑगस्टमध्ये कळलं. भित्रा हा शब्द मी तेव्हाच मनातून काढला. मात्र हे त्यांच्या कानावर घालायला पुढं आठ वर्षं मिळूनही मी घातलं नाही. त्याचं वाईट वाटतं.

१८ जुलै २०२५ ला विशाखापट्टणमला नवी 'निस्तार' नौका नौदलात आली, तीनशे मीटर खोलीपर्यंत डायव्हर उतरवू शकणारी. जुन्या 'निस्तार'वर अण्णांनी काम केलं होतं. बातमी आईला वाचून दाखवली. तिनं ती परत एकदा वाचायला लावली.

ती विहिरीवरची दोरी अजून आहे. निवृत्तीनंतर अण्णांनी ती गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधली. पावसाळ्यात आई कपडे आत घेते, दोरी काढू देत नाही. अण्णांची ती गाठ एकदा सुटली, तर आमच्यापैकी कोणाला ती परत बांधता येणार नाही, असं ती म्हणते.