दहा बाय बाराचा खर्ज

कुणाच्या घरी स्पीकर बसवायला गेलो की मी आधी वर बघतो. छत स्लॅबचं की माळवदाचं, यावर पुढचं बरंच ठरतं. वूफर किती इंची, अ‍ॅम्प किती वॉटचा, हे प्रश्न नंतरचे. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तर छताचा प्रश्न टाळताच येत नाही, कारण इथल्या किती तरी गावांचं छत एका पहाटेत बदललं.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीसोबत आमच्याकडचं सास्तूर आणि आजूबाजूची गावं कोसळली. काळा दगड मातीत रचून उभारलेल्या रुंद भिंती आणि त्यांवर लाकूड-मातीचं जड माळवद. तेच माणसांच्या अंगावर आलं. त्यानंतर उमरगा-लोहाऱ्याकडे नवं घर सिमेंटचं होऊ लागलं. ते व्हायलाच हवं होतं, आवाजापायी कुणी माळवदाची हळहळ करू नये. पण आता जी खोली आहे तिचा स्वभाव ओळखायला हवा. ओबडधोबड दगड आवाज विखरून टाकायचा, माती-लाकूड थोडा गिळायचं. गुळगुळीत गिलावा, स्लॅब आणि फरशी तो जवळजवळ तसाच परत फेकतात. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवा, चिरका झणकार भिंतीभिंतींत धावत राहतो.

हा वरचा झणकार आवरणं सोपं. जाड सतरंजी, पुस्तकांचं उघडं कपाट, भिंतीवर एखादी वाकळ, एवढ्यावर भागतं. खर्ज मात्र वाकळेला जुमानत नाही. तिथे हिशेबच करावा लागतो.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा बाय बाराच्या खोलीची लांबी १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. एवढ्या अंतरात ज्या सुराची अर्धी लहर बरोबर मावते तो ४७ हर्ट्झचा, आणि त्या सुराला खोली आपोआप घुमते. १० फुटांच्या रुंदीत तोच आकडा ५६ येतो. छतही १० फुटांवर असेल तर पुन्हा ५६, म्हणजे एका घुमाऱ्यावर दुसरा चढला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या असतील तर मी सरळ घरातली दुसरी खोली दाखवा म्हणतो.

आता आपण ऐकतो काय ते बघू. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार एक सप्तक खाली, ६९ वर. आपल्या बैठकीच्या गाण्याला याखाली फारसं काही लागत नाही, आणि खोलीचे ते दोन घुमारे या तारेच्या खालीच बसलेले आहेत. मग जो स्पीकर तिथे पोचता पोचता शांतपणे माघार घेतो, तो खोलीला डिवचत नाही आणि गाण्यातलंही काही हरवत नाही. आठ इंची वूफरसाठी हट्ट धरणाऱ्याला मी हे आकडे कागदावर मांडून दाखवतो.

म्हणून लहान खोलीसाठी माझी पसंती बंद पेटीला, पाच इंचांच्या आसपासच्या वूफरला. बंद पेटीचा खर्ज सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, पोर्ट असलेल्या पेटीचा २४ ने. स्पीकरमागची भिंत खर्जाला उचलून धरतेच. बंद पेटीचा सावकाश उतार आणि भिंतीची ती भर एकमेकांत छान मिसळतात. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस थ्री फाइव्ह ए हा स्पीकर घडवला तो बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीसाठी. फूटभर उंचीची बंद पेटी, आणि तिच्यातून बोलणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटावा ही अपेक्षा. आमच्या खोल्या त्या गाडीच्याच नात्यातल्या.

एक अडचण मात्र उरते. लांबी आणि रुंदी मिळून ७३ हर्ट्झला तिसरा घुमारा तयार होतो, तो नेमका खर्जाच्या तारेला खेटून. त्यासाठी स्पीकर बदलायचा नसतो, खुर्ची हलवायची असते. मागच्या भिंतीला टेकून बसलं की तार फुगते, खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं की ती नाहीशीच होते. या दोहोंच्या मध्ये, मागच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर जागा सापडते.

शेवटची परीक्षा मी संबळावर घेतो. तुळजापुरात तो ज्यांनी जवळून ऐकला आहे त्यांचे कान इथे फसत नाहीत. लहान तोंडावर काडी पडल्याचा टोकदार आघात स्वच्छ यायला हवा आणि मोठ्या तोंडाचा घुमार पुढच्या आघाताआधी आवरायला हवा. आवरत नसेल तर स्पीकर भिंतीपासून दोन वीत पुढे ओढा. घुमार कमी झाला तर दोष जागेचा. तसाच राहिला तर पेटीवर संशय घ्या. ही परीक्षा सोलापूर-पुण्याच्या दुकानात करून उपयोग नाही, ती खोली दुकानदाराची असते. स्पीकर दोन दिवस घरी नेऊ देणारा दुकानदार शोधा, त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील.