सुईआधीचे दिवस

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर सकाळी उभं राहिलं की काखोटीला मोठं पाकीट धरून चाललेली माणसं हटकून दिसतात. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, पलीकडून अथणी, चिकोडी, सगळीकडची. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून दुखणं अवघड झालं की "मिरजेला दाखवून या" हे या भागात ठरलेलं. यातल्या एखाद्या पाकिटात मॅमोग्रामच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेच्या, फिल्म असतात. ते पाकीट घरी पोचतं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली सरकतं.

पुढचे दिवस ते तिथंच राहतं. त्या दिवसांविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं. कॅन्सर झालेल्या बाईची हकिगत सांगितली जाते, त्यातून उठलेल्या बाईचा महिला दिनाला सत्कार होतो. पण रिपोर्टमध्ये काहीतरी आलंय आणि ते नेमकं काय आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही, अशा अवस्थेतली बाई भाकऱ्या थापत असते, धारा काढत असते, दारी आलेल्याला चहा देत असते.

रिपोर्ट इंग्रजीत असतो. घरातला शिकलेला मुलगा किंवा पुतण्या तो मोबाइलवर उघडतो आणि त्याची नजर एकाच शब्दावर अडकते, "सस्पिशस". दहा मिनिटांत पुण्याच्या जावयाला फोन जातो. खरं तर रिपोर्टच्या तळाशी एक आकडा असतो आणि सगळ्यात आधी तो पाहायला हवा. त्याला बायरॅड्स म्हणतात. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेनं ही पद्धत ठरवली आणि आता ती जगभर चालते. शून्य आलं तर अर्थ एवढाच की चित्र अपुरं आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी करा. शून्य पाहून घाबरलेली माणसं असतात, तशी शून्य म्हणजे काहीच नाही असं समजून निर्धास्त झालेलीही असतात, दोन्ही चूक. एक आणि दोन म्हणजे काळजीचं कारण नाही. तीन म्हणजे बहुधा साधंच काहीतरी आहे, कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी. चारपासून सुई आली, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासायची बायोप्सी. पण चारच्याही तीन पायऱ्या आहेत. ४ए मध्ये शंभरातल्या दोन ते दहा जणींना कॅन्सर निघतो, म्हणजे निदान नव्वद जणींना निघत नाही. ४बी मध्ये दहापासून पन्नासपर्यंत, ४सी मध्ये पन्नासपासून पंचाण्णवपर्यंत. पाच आलं तर शंका फारशी उरत नाही, आणि तरीही सुईनं खात्री केल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत. एकाच "सस्पिशस" शब्दाखाली इतकी वेगवेगळी माणसं उभी असतात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो आकड्याचा, आणि चार असेल तर कुठला चार, हा.

इतक्या शंका येतात तरी कशा? मॅमोग्राम हा दाबून काढलेला एक्स-रे. तंत्रज्ञ ताई मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवायला सांगतात. कित्येक बायकांचा हात तिथंच थबकतो, कारण ते आजवर न्हाणीघरातही उतरलेलं नसतं. मग गार पट्टीवर छाती ठेवायची, वरून दुसरी पट्टी येते, काही क्षण श्वास रोखायचा. आत एकावर एक असलेल्या थरांची सावली एका पातळीवर पडते आणि निरोगी उतीच एकमेकींवर येऊन गाठीसारख्या दिसू शकतात. कमी वयात उती दाट असतात. दाट उतीही पांढरी आणि गाठही पांढरी. गावाहून निघताना अंगाला लावलेली पावडर फिल्मवर बारीक कणांसारखी उमटू शकते, म्हणून त्या दिवशी पावडर लावू नका असं सांगतात. बाळंतपणातल्या जुन्या गळवाचा व्रण, पाण्याची गाठ, तरुणपणापासूनची फायब्रोअडिनोमाची गाठ, क्वचित स्तनाचा क्षयरोगसुद्धा शंकास्पद दिसतो. आणि शिबिरात पहिल्यांदाच तपासणी झालेल्या बाईकडे जुनी फिल्म नसते, त्यामुळे ही सावली दहा वर्षांपूर्वीचीच आहे की नवी, हे पडताळायला काही हाताशी नसतं. यासाठीच आजची फिल्म जपून ठेवायची, काहीही निघो.

अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं सांगणं असं की मॅमोग्रामनंतर पुन्हा बोलावलेल्या दहा जणींपैकी एकीपेक्षाही कमी जणींना कॅन्सर निघतो. मात्र हा हिशेब कसलाही त्रास नसताना केलेल्या तपासणीचा आहे. हाताला गाठ लागली म्हणून मॅमोग्राम केला असेल, तर हा दिलासा लागू पडत नाही. तिथं उलटी खबरदारी घ्यावी लागते. गाठ हाताला लागते आहे आणि मॅमोग्राम स्वच्छ आला, तरी विषय मिटत नाही. गाठीचा उलगडा व्हायलाच हवा.

शंका किती आणि निदान किती, याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ पासून संजीवनी अभियानात दोन लाख नव्वद हजारांवर महिलांना प्रश्नावली देण्यात आली. साडेचौदा हजारांहून जास्त जणींत कॅन्सरसारखी लक्षणं आढळली. जुलैमध्ये विधानसभेत ही माहिती आली आणि साडेचौदा हजारांचा आकडाच मथळ्यात गेला. त्याच निवेदनात तपासणीअंती तोवर खात्री झालेल्या रुग्णही होत्या: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तीन, स्तनाच्या कॅन्सरची एक आणि तोंडाच्या कॅन्सरच्या आठ. शंका आणि निदान यांच्यात केवढं अंतर असतं, ते या दोन आकड्यांत दिसतं. ज्या बारा जणींचं निदान झालं, त्यांच्यापर्यंत पोचायला बाकीच्या हजारो जणींना काही काळ धास्तीत राहावं लागलं, हेही दिसतं. ती धास्ती खरी असते. तिला "काही नव्हतं गं, उगाच घाबरलीस" म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे.

आता सुईचा प्रश्न. या भागात कुठंही बसलं तरी हे वाक्य ऐकू येतं: "सुई लावली की पसरतं म्हणत्यात." त्याला जोडूनच दुसरं: "दुखत तर न्हाई, मग कशाला हात लावायचा?" दुसरं वाक्य पहिल्याहून घातक आहे, कारण स्तनातला कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही. पहिल्या वाक्याला शास्त्राचा आधार नाही. सुईच्या तपासणीमुळे रोग फैलावतो किंवा बाईचं आयुष्य कमी होतं, असं वर्षानुवर्षांच्या पाहणीत आढळलेलं नाही. मग समजूत आली कुठून? बहुतेक वेळा गाठ खूप वाढल्यावरच सुईपर्यंत गोष्ट येते. निदान होतं तेव्हा रोग आधीच पुढं गेलेला असतो आणि सगळ्यांच्या आठवणीत सुई राहते. शेजारणीचं काय झालं ते डोळ्यांदेखत पाहिलेल्या बाईला आकडे सांगून भागत नाही, हे डॉक्टरांनीही समजून घ्यावं. तिला घटनांचा क्रम उलगडून दाखवावा लागतो.

सुईची ही तपासणी, म्हणजे कोअर बायोप्सी, होते कशी? टेबलावर उताणं झोपायचं, सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ दिसत राहते. कातडी बधिर करायचं इंजेक्शन टोचतं, तेवढंच. मग दोन-तीन मिलिमीटरचा छेद, त्यातून पोकळ सुई, आणि स्टेपलरसारखा खट् असा आवाज. डॉक्टर आधी तो आवाज एकदा हवेत ऐकवतात, म्हणजे बाई दचकून हलत नाही. शेवयांचे बारीक तुकडे वाटावेत असे दोन-चार तुकडे निघतात आणि फॉर्मालिनच्या बाटलीत पडतात. जागा थोडा वेळ दाबून धरायची, पट्टी लावायची आणि त्याच दिवशी घरी. आपल्याकडे ती छोटी बाटली पुष्कळदा नातेवाइकाच्याच हातात येते. त्यानं ती सरळ पॅथॉलॉजीत न्यावी, वाटेत दुसरी कामं उरकत बसू नये. तुकडा तासाभरात फॉर्मालिनमध्ये पडणं आणि ठरावीक वेळच त्यात राहणं, यावर पुढच्या हार्मोन आणि हर-टू तपासण्यांची अचूकता अवलंबून असते, आणि कुठलं औषध लागू पडेल ते त्या तपासण्यांवर ठरतं. पुढं कुठंही गेलं तरी स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागतात. ते हक्कानं मागून घ्यावेत. एक गोष्ट आग्रहानं सांगायला हवी. बायोप्सी न करताच "गाठ आहे ना, काढून टाकू" म्हणून लगेच चिरफाड करून घेणं टाळावं. ती कॅन्सरची निघाली तर शस्त्रक्रियेची आखणीच बिघडलेली असते आणि बहुधा पुन्हा टेबलावर जावं लागतं.

पण सुईपर्यंत जायचं कधी, हे घरात ठरतं कसं? तासगावकडे ऑक्टोबरची द्राक्षछाटणी अंगावर असते. वाळव्यात, कराडात उसाची तोड आलेली असते. कुणाची दहावी, कुणाचं लग्न, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. "हे एवढं उरकू दे" असं बहुतेक वेळा ती बाईच म्हणते. पैशाचं, वेळेचं, स्वतःच्या दुखण्याचं ओझं कुणावर पडू नये, ही तिची आयुष्यभराची सवय. शिवाय लेकीच्या लग्नाची काळजी: बाहेर कळलं तर स्थळं परत जातील. स्तनाच्या कॅन्सरमध्ये थेट आनुवंशिक दोषातून येणारे साधारण शंभरात पाच ते दहाच असतात, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

इथं दोन प्रकारच्या थांबण्यांत फरक करायला हवा. बाहेरून ती सारखीच दिसतात. बायरॅड्स तीन आल्यावर डॉक्टर सहा महिन्यांनी या म्हणतात, तेव्हा ते थांबणं हाच उपचाराचा भाग असतो. त्याला तारीख असते: सहा महिने, मग वर्ष, मग दोन वर्षं. आषाढीच्या सुमारास झालेली तपासणी संक्रांतीच्या सुमारास पुन्हा. बदल झाला नाही तर काळजी मिटते. दुसरं थांबणं म्हणजे चार आलं असताना छाटणी होऊ दे, तोड होऊ दे म्हणत सरकत जाणं. त्याला तारीखच नसते. आठवडा-दोन आठवडे विचाराला घेतले, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं, म्हणून सहसा काही बिघडत नाही. घाबरून त्याच रात्री गाडी करून पळायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ठरवलेलं उद्दिष्ट इथं उपयोगी पडतं: लक्षण घेऊन बाई पहिल्यांदा आली की ६० दिवसांच्या आत निदान पुरं व्हावं. साठ दिवसांत एक तोड बसते, सगळा हंगाम बसत नाही.

कुठं जायचं, याला आता पूर्वीइतकी अडचण नाही. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे, कराडला कृष्णा हॉस्पिटल, मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि सिद्धिविनायक गणपती कॅन्सर हॉस्पिटल. तरी "टाटाला नेऊ या" हा विचार साताऱ्याच्या घरांत लवकर येतो, त्यालाही इतिहास आहे. इथली माणसं मुंबईच्या गिरणगावात राबली, परळ-लालबागच्या खोल्यांत राहिली. १९४१ पासून टाटा हॉस्पिटल त्याच परळात उभं आहे, आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा तिथल्या रुग्णांना आसरा देते. मात्र निव्वळ सुईच्या तपासणीसाठी मुंबई गाठायचीच असं नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतं. निदानापर्यंतचा खर्च मात्र बहुतेक घरांना पदरचा करावा लागतो, आणि पुष्कळ बायका तिथंच अडतात.

पहिली तपासणी महागडीच हवी असंही नाही. मुंबईत टाटाच्याच डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८ पासून दीड लाखांवर महिलांचा अभ्यास केला. मॅमोग्राम नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं केलेली तपासणी. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीपुढच्या महिलांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतल्या महिलांत तसा फरक दिसला नाही. पण मुळात तपासणी होते तरी किती जणींची? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या महिलांपैकी स्तनाची तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात एक टक्कासुद्धा नव्हत्या.

शंका खोटी ठरलेल्या बाईचीही गोष्ट तिथं संपत नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ च्या एका अभ्यासात अशा महिलांच्या मनावरचा ताण तीन वर्षांनंतरही पुरता ओसरलेला नव्हता. अमेरिकेत २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत सरळ निर्धोक रिपोर्ट आलेल्या महिलांपैकी ७७ टक्के पुढच्या तपासणीला परतल्या, पण सहा महिन्यांनी बोलावून मग काही नाही असं सांगितलेल्यांपैकी ६१ टक्केच. श्रीमंत देशात, पत्रं आणि फोन जात असताना ही स्थिती. माण-खटावमधल्या बाईला सहा महिन्यांनी या असं सांगितलं, तर ती तारीख कोण लक्षात ठेवणार?

बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिथले कार्यकर्ते रुग्णालयात रुग्णांची वाट पाहत बसले नाहीत. ते गावोगाव गेले, लक्षणं समजावून सांगितली, संशय असलेल्यांना तपासणीला आणलं. आज आपल्या गावात आशाताई आहेत. कुठल्या घरात गर्भार बाई आहे, तिचे दिवस कधी भरतात, कुठल्या बाळाची गोवराची लस राहिली, हे त्यांना पाठ असतं आणि त्या दारात जाऊन आठवण करतात. त्यांच्या कामाच्या यादीत तीसपुढच्या बायकांना छातीतल्या गाठीविषयी विचारणं आधीच आहे. पुन्हा बोलावलेल्या बाईची तारीख त्याच वहीत, तेवढ्याच ठळकपणे चढली पाहिजे, आणि ती पाळायला लावण्याच्या कामाचा मोबदला आशाताईंना बाळंतपणासारखाच वेळेवर मिळाला पाहिजे.