आपली टिमकी, त्यांचा कर्णा

स्वतःची स्तुती स्वतःच करणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, हा आपलीच टिमकी वाजवतो. इंग्रज म्हणतो, हा आपलाच कर्णा फुंकतो. टिमकी ती केवढी, आणि कर्णा म्हणजे वेशीपलीकडे ऐकू जाणारा! वाद्यांच्या या आकारावरून दोन्हीकडच्या बढाईखोरांची तुलना करण्याचा मोह मला होतो. पण तो मी आवरतो, कारण 'आमचे वाद्य लहान' असे म्हणणे हीदेखील एक बढाईच की!

शब्दकोश चाळत बसण्याचे मला वेड आहे, आणि बढाईच्या इंग्रजी शब्दांपाशी मी हटकून रेंगाळतो. त्यांतले अगदी घरगुती असे शब्द दोन, 'बोस्ट' आणि 'ब्रॅग'. शाळेत आपण दोहोंपुढे 'बढाई मारणे' असे लिहून मोकळे होतो. पण वापरात त्यांची जात निराळी आहे. 'बोस्ट'मागे अभिमान असतो आणि तो कधी कधी रास्तही असतो. 'ब्रॅग' म्हटले की त्यात ऐकणाऱ्याचा वैताग आलाच. बोलणारा अक्षर न् अक्षर खरे बोलत असला, तरी तो ब्रॅग करू शकतो. मुलगा परीक्षेत खरोखरच पहिला आलेला असतो. पण ते वाक्य चहाबरोबर एकदा, फराळाबरोबर दुसऱ्यांदा आणि पाहुणा चपला घालीत असताना तिसऱ्यांदा आले, की त्याचे ब्रॅग होते.

याच नावाचा पत्त्यांचा एक जुना इंग्रजी खेळ आहे. पत्त्यांच्या खेळांचा गाढा जाणकार एडमंड हॉईल याने १७५१ साली त्यावर एक पुस्तिकाच लिहिली. हातात पाने कशीही असोत, बोली अशा ऐटीत चढवायची की समोरच्याने घाबरून आपली चांगली पाने टाकून द्यावीत, हे त्या खेळाचे सार. दिवाळीच्या रात्री घरोघर जी तीन पत्ती रंगते, तिची आजी म्हणजे हा तीन पानांचा ब्रॅगच. कुणी तरी 'शो' मागेपर्यंत सगळी मजा!

या दोन शब्दांपलीकडे गेलो की मात्र मौज सुरू होते. बढाईचे भारदस्त इंग्रजी शब्द पाहावेत, तर बहुतेक परक्यांच्या नावावर! 'थ्रेसॉनिकल' हा शब्द थ्रेसो नावाच्या शिपाईगड्यावरून आला. रोमन नाटककार टेरेन्स याच्या ख्रिस्तपूर्व १६१ मधल्या नाटकातले हे पात्र. 'गॅस्कोनेड' आला फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील गॅस्कनी प्रांतावरून. 'थ्री मस्केटिअर्स'मधला दार्तान्याँ तिकडचाच. 'ब्रॅगाडोशियो' हे तर एडमंड स्पेन्सरचे अपत्य. १५९० साली प्रसिद्ध झालेल्या 'फेअरी क्वीन'मध्ये दुसऱ्याचा घोडा आणि भाला चोरून वीर म्हणून मिरवणारा एक भामटा आहे. त्याचे नाव ठेवताना कवीने आपल्या घरच्या 'ब्रॅग'ला इटालियन शेपूट जोडले! बढाई मारावी ती रोमनांनी, फ्रेंचांनी, इटालियनांनी. आम्ही आपले मितभाषी, असेच जणू या कोशाला सांगायचे आहे. उभ्या पृथ्वीवर आपले निशाण रोवणाऱ्यांनी हे सांगावे, याचे मला हसू येते.

या मंडळींत एकाची मात्र मला कीव येते. 'रोडोमोंटेड' म्हणजे पोकळ वल्गना. तो शब्द ज्याच्यावरून आला तो रोडोमोंट हा इटालियन कवी आरिओस्टोच्या 'ऑर्लांडो फुरिओसो' या महाकाव्यातला राजा. पण हा काही आपल्या विराटपुत्र उत्तरासारखा अंतःपुरात गर्जना करून रणात गळाठणारा नव्हे. हा गडी एकटा पॅरिसच्या तटाच्या आत घुसून हाहाकार उडवतो. पराक्रम खरा होता. पण तोंड त्याहून मोठे होते, आणि कोशात उरले ते तोंड. ट्रॉयच्या हेक्टरचे तर याहून वाईट झाले. होमरचा तो धीरोदात्त वीर. पण सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर दांडगाई करणाऱ्या टोळक्यांनी त्याचे नाव घेतले, आणि आज 'हेक्टर' या क्रियापदाचा अर्थ दरडावणे असा होऊन बसला आहे.

अलीकडची भर म्हणजे 'हम्बलब्रॅग'. हॅरिस विटेल्स या अमेरिकन विनोदी लेखकाने २०१० च्या सुमारास हा शब्द लोकप्रिय केला. 'सत्काराच्या शाली ठेवायला कपाट पुरेना हो!' हे गाऱ्हाणे ऐकले आहे ना? तेच ते. शब्द नवा, वस्तू आपल्या ओळखीची.

हे सारे माझ्या डोक्यात घोळत असतानाच माझी भाची कागद घेऊन आली. तिला इंग्लंडातल्या एका विद्यापीठाकडे अर्ज धाडायचा होता, आणि आपण काय केले ते स्वतःच लिहायचे होते. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी दोन वर्षे, दर पंधरवड्याला, गावातल्या एकोणचाळीस विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून वहीत टिपली आहे. कागदावर मात्र होते, 'पाण्यासंबंधी थोडेफार काम केले.'

"थोडंफार?" मी विचारले.

"मग काय लिहू, मामा? स्वतःबद्दल सांगायचं म्हणजे ब्रॅग करणंच ना?"

मी तिला महाभारतातली कर्णपर्वातली गोष्ट सांगितली. थोरल्या भावाचा अपमान केल्याच्या पश्चात्तापाने अर्जुन स्वतःचा जीव द्यायला निघतो, तेव्हा कृष्ण त्याला म्हणतो, आत्मस्तुती कर, तीच आत्महत्या.

"झालं!" ती म्हणाली. "म्हणजे अर्ज भरला की मी मेले."

मला हसू आले, पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. लहानपणापासून 'मी मी करू नये' असे आम्हीच तिला बजावले होते, आणि आता त्या 'मी'वाचून तिचे पाऊल पुढे पडत नव्हते. 'थोडेफार' वाचणाऱ्या परक्या माणसाला ते थोडेफारच वाटणार. भर उन्हात दोर सोडणाऱ्या त्या तीन मुली त्याला कुठून दिसणार?

"विशेषणं सगळी काढ," मी म्हणालो. "आकडे ठेव. आणि पाने उघडी टाक, मग ब्रॅग राहत नाही."

ती लिहीत बसली. दोन वर्षे, एकोणचाळीस विहिरी, तीन मुली, एक वही. मध्येच मान वर करून तिने विचारले, "मामा, 'बोस्ट' वाईटच का?"

"माणसाने केला तर जरा बेतानेच. पण गावाने केला तर उत्तम इंग्रजी. 'हे शहर एका सुंदर ग्रंथालयाचा बोस्ट करते' असे तिकडे खुशाल लिहितात. म्हणजे एवढेच, की तिथे ते आहे आणि त्याचे भूषण आहे."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि आमच्या गावाला एकोणचाळीस विहिरींचा बोस्ट करायला लावून तिने खाली सही केली.