बेस, माडी आणि सायकलची ट्यूब

मागे एकदा स्पीकरबद्दल लिहीन म्हणालो होतो. तर मंडळी, हे घ्या. हर्ट्झ दिसला की ज्यांना झोप येते, त्यांनी मधला हिशोब सोडला तरी चालेल :)

माझे उभे स्पीकर (फ्लोअर-स्टँडिंग म्हणतात ते, प्रत्येकी साधारण २० किलोचे) गेल्या दिवाळीत पुण्याहून तेल्हाऱ्याला घरी नेले. घर जुनं. खाली शहाबादी फरशी, वर सागवानी तुळयांवर फळ्या ठोकलेली माडी. माडीवर माझी खोली आणि बरोब्बर तिच्या खाली आजीची खाट.

पहिल्याच रात्री बेस नुसता फुगलेला. बेस गिटारचा एकेक सूर वेगळा कळेना, सगळा एकच ‘धूंऽऽ’. आणि सकाळी आजी म्हणाली, "काऊन रे बाप्पा, रातभर काय कुटत होता वरतं? माही खाट हालत होती."

आजीला कमी ऐकू येतं. म्हणजे गाणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, पोचला तो फक्त धक्का. गंमत म्हणजे तिची तक्रार आणि माझी तक्रार एकच होती. स्पीकरचा पडदा पुढे ढकलला जातो तेव्हा खोका तितकाच मागे रेटला जातो. तो रेटा पायांतून फळ्यांत उतरतो आणि अख्खी माडीच डग्ग्यासारखी वाजायला लागते, तीसुद्धा स्वतःच्या सुरात आणि थोडी उशिरा.

दुकानदार यावर टोकदार खिळे देतात, स्पाइक. पण स्पाइकने स्पीकर जमिनीपासून तुटत नाही, उलट घट्ट जोडला जातो. जाड गालिचा असेल तर स्पीकर डगमगू नये म्हणून ते ठीक. जमिनीवर थेट ओतलेल्या काँक्रीटवर फारसा फरक पडत नाही, ती हलतच नाही. लाकडी माडीवर मात्र उलटं हवं, तबल्याखाली चुंबळ असते तसं काहीतरी मऊ.

आता हिशोब. मऊ आधारावर वजन ठेवलं की त्याची स्वतःची एक झुलण्याची गती असते. त्या गतीच्या साधारण १.४ पटीच्या वरची कंपनंच अडतात, खालची उलट वाढू शकतात. ढोबळ सूत्र सोपं आहे: वजनाने आधार किती सेंटिमीटर दबला त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. ४ मिलिमीटर दबला तर सुमारे ८ हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. तिथे कागदावर जेमतेम ४ टक्के रेटा खाली जातो. कडक रबराचा पातळ तुकडा दबतच नाही, म्हणून तो लावून काही होत नाही.

मी लहान मुलांच्या सायकलच्या दोन ट्यूब घेतल्या, अर्धवट हवा भरली, प्रत्येकीवर दीड फूट चौरस शहाबादी फरशी आणि त्यावर स्पीकर. फरशीने वजन वाढतं, म्हणजे झुलणं आणखी संथ, आणि बूड रुंद झाल्याने उंच खोका कलंडत नाही. घरात लहान पोरं असतील तर हे आधी बघा. महिन्या-दोन महिन्यांनी हवा तपासावी लागते, तेवढं चालतं.

फरक पडला. सूर सुटे झाले. पण चमत्कार नाही. हवेतून जाणारा आवाज फळ्या हलवतोच, त्याला ट्यूब काही करू शकत नाही. आणि १२ फुटी खोली ४७ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढावे लागले.

पुढच्या खेपेला तीन रात्री गाणी लावली. चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "बंद केलं काय रे तुयं ते? तू आला का गेला, काही समजत नाई आता मले."

आवाज तेवढाच होता, पण तिच्यापर्यंत फारसं काहीच जात नव्हतं. मी वर आहे हे तिला खाट हलण्यावरून कळत होतं, हे माझ्या कुठल्याच हिशोबात नव्हतं. ट्यूब काढलेल्या नाहीत, तिची झोप महत्त्वाची. पण आता घरी असलो की रात्री माडीवर जायच्या आधी अर्धा तास तिच्या खाटेवर बसतो. गाणी त्यानंतर.

असो. पुढच्या रविवारी पडदे आणि घुमणाऱ्या खोल्या.