शर्यतीचा खोंड परवडतो का?

गावातला एक तरुण शर्यतीच्या खिलार खोंडासाठी सातबाऱ्यावर बोजा चढवायला निघालाय. त्याच्यासाठी अन् तुमच्यासाठीही लिहितोय.

खोंडाची किंमत एकदाच मोजायची. पण खुराक, टेम्पोचं भाडं, प्रवेश फी, सांभाळणारा गडी हे चालूच राहतं. बक्षीस पहिल्या काही नंबरांना. पैऱ्यात दुसऱ्याचा बैल असला की त्यातही वाटणी. खरी कमाई होते ती पळणारा बैल चढ्या भावात विकला तर. पाय दुखावला की तो भावही गेला.

अन् कायद्याचं बघा. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाची बंदी आली, परवानगी मिळाली डिसेंबर २०२१ मध्ये. साडेसात वर्षं! बंदी आली तेव्हाचा चौसा बैल उठेपर्यंत म्हातारा झाला. मे २०२३ च्या निकालाने शर्यती टिकल्या, पण त्या बैलाचं वय परत आलं नाही.

नाद असावा, मीही शर्यत बघायला जातो. पण घरच्या खिलार गाईला चांगला वळू दाखवून खोंड तयार करा. पळाला तर सोनं, नाही पळाला तर औताला. जमीन मात्र गहाण टाकू नका.

तुमचा हिशोब काय सांगतो?