उभ्या गाडीचे तास

लिलावातून आणलेली क्राउन व्हिक्टोरिया गॅरेजात लागली की पोरांचा प्रश्न ठरलेला : "काका, पळते किती?" फोर्डच्या या सेडानचा अमेरिकेत पोलिसांची गाडी म्हणून एवढा दरारा होता, की हायवेवर आरशात तिचा नुसता चेहरा दिसला तरी पाय आपसूक ब्रेकवर जायचा. त्यामुळे पोलिसांच्या गाडीत काहीतरी राक्षसी एंजिन दडवलेलं असणार, अशी सगळ्यांची खात्री. तसं काही नाही. ४.६ लिटरचं व्ही-८, तेच शेजारच्या निवृत्त आजोबांच्या गाडीतही होतं. पोलिसांच्या गाडीचं डिफरन्शियल वेगळं, म्हणून उठाव जास्त. वेगाची मर्यादा थोडी वर. स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर कडक. स्पीडोमीटर मात्र खास तपासून दिलेला, कारण त्याच्या काट्यावर कोर्टात दंड टिकवायचा असतो. पळण्याची गोष्ट एवढ्यात संपली.

मला विचाराल तर या गाडीची खरी परीक्षा उभ्याउभ्याच होते. पोलिसवाला रस्त्याकडेला एंजिन चालू ठेवून तासन्‌तास बसतो. छतावर दिवे, आत रेडिओ आणि लॅपटॉप, जुलैत एसी, जानेवारीत हीटर. समोरून वारा नाही, त्यामुळे रेडिएटरची सगळी भिस्त फॅनवर. म्हणून एंजिन ऑइलला वेगळा कूलर, स्टिअरिंगच्या तेलालाही कूलर, अल्टरनेटर दांडगा. आणि असं तासन्‌तास तापत बसलेलं एंजिन एका हाकेसरशी सुसाट सुटलं पाहिजे.

म्हणूनच गिऱ्हाईक मैल वाचत असतं तेव्हा मी तास वाचतो. शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांत मैलांच्या आकड्याजागी बटण दाबून एंजिनाचे तास दिसतात. उभ्या गाडीत किती गेले तेही. फोर्डचाच हिशेब आहे : उभ्या एंजिनाचा एक तास म्हणजे साधारण ३३ मैलांची झीज. समजा मैल ९० हजार आणि उभे तास तीन हजार. म्हणजे आणखी ९९ हजार मैल. कमी पळालेली म्हणून हौसेने घेतलेली गाडी एक लाख ९० हजारांच्या घरात गेली! असा हिशेब मांडला की गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो. पडू दे. नंतर भांडायला येण्यापेक्षा बरं.

गाडीच्या आत शिरलं की मालक कोण होता ते लगेच कळतं. गालिच्याऐवजी रबर, म्हणजे पाणी मारून धुता येतं. मागची सीट रेक्झिनची, कारण तिच्यावर काय काय सांडतं ते न सांगितलेलंच बरं. रात्री दार उघडलं तरी आतला दिवा लागत नाही. उतरणाऱ्या माणसाने उजेडात उभं राहून नेम कशाला द्यायचा? मागच्या दाराला आतून हँडल असतं, ओढलं तर काहीच होत नाही. पॅनेल काढलं की दिसतं, हँडलपासून कुलपापर्यंत जाणारी सळीच जोडलेली नाही. टॅक्सीसाठी कुणी गाडी घेतली तर मी आधी ती सळी बसवतो, मग बाकीचं.

एक बाब मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हिची पेट्रोलची टाकी मागच्या ॲक्सलच्या मागे. आजोबांच्या गाडीतही तिथेच; पण आजोबा हायवेच्या कडेला गाडी उभी करून कुणाची लायसन्सं तपासत नाहीत. भरधाव गाडी मागून आदळली, टाकी फुटली आणि पोलिस जळून गेले, असे अपघात झाले. २००२ मध्ये फोर्डने जुन्या गाड्यांच्या टाकीभोवती बसवायची कवचं देऊ केली आणि पुढे आग विझवणारी यंत्रणाही, ऐच्छिक म्हणून. 'ऐच्छिक' हे मला आजही पटलेलं नाही.

२०११ मध्ये कॅनडातल्या सेंट थॉमसच्या कारखान्यातून शेवटची क्राउन व्हिक्टोरिया बाहेर पडली. चार्जर नावाची दुसरी पोलिसगाडी त्याआधीच आली होती; तिचा गिअर पोलिसांसाठी मधल्या कन्सोलवरून स्टिअरिंगपाशी नेला, कारण मधली जागा लॅपटॉपला आणि रेडिओला हवी. आता बहुतेक ठाणी एक्सप्लोररसारख्या एसयूव्हींवर गेली आहेत. एक्सप्लोररचं हायब्रिड मॉडेल उभं असताना एंजिन बंद करतं आणि दिवे-रेडिओ बॅटरीवर चालवतं. गरज पडली तेवढंच एंजिन मधूनमधून सुरू होतं. अशी एखादी लिलावातून आली, की उभ्या तासांचा हिशेब मला नव्याने शिकावा लागेल.