जाई, जुई आणि अबोली

एकट्या गिनी पिगला वेळेवर गवत-पाणी मिळालं, निजायला कोरडी जागा मिळाली, तरी त्याचं जगणं अर्धंच राहतं. हा मुळात कळपाचा जीव. अँडीज पर्वताच्या कुशीत माणसानं त्याला माणसाळवलं ते इंका साम्राज्याच्या कितीतरी आधी, हजारो वर्षांपूर्वी. पेरूमधल्या डोंगराळ खेड्यांतून अजूनही हे प्राणी स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला घोळक्यानं वावरतात. स्वित्झर्लंडनं तर 2008 मध्ये नियमच केला, की असे कळपातले प्राणी एकटे पाळायचे नाहीत. मी तो नियम वाचला तेव्हा त्या दूरच्या सरकारबद्दल मनात एकदम आपुलकी दाटून आली. कुणीतरी बसून, विचार करून, एका पाऊणएक किलोच्या जिवाच्या सोबतीची कायद्यात नोंद केली होती.

आमच्या लोधिवलीच्या घरात जाई आणि जुई या दोघी बहिणी. जाई पांढरी, जुईच्या पाठीवर काळा पट्टा. मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज दोघींच्या अंगवळणी पडलेला; पण फ्रीजचं दार उघडलं की मात्र कितीही गाढ झोपेतून उठून ‘वीऽक, वीऽक’ असा गजर करायच्या. कोथिंबिरीची जुडी सोडताना होणारी सळसळ त्यांना दोन खोल्या पलीकडून कळते. दोघींचं सगळं ठरलेलं होतं. जाई पुढे, जुई मागे. वाटीवर आधी जाई, आणि दुपारी झोपताना जुईची हनुवटी जाईच्या पाठीवर.

अबोली आली ती पावसाच्या सुरुवातीला. रसायनीतल्या एका कुटुंबाची बदली झाली होती, तिची जोडीदारीण आधीच गेलेली, आणि त्या घरातली मुलगी खोका छातीशी धरून आमच्या दारात उभी. अबोली आपल्या नावाच्या फुलासारख्या रंगाची. खोक्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली, हलेना की आवाज करेना. घाबरलेला गिनी पिग असाच थिजतो. शिकाऱ्याला हालचाल दिसू नये म्हणून निसर्गानं शिकवलेली ही शहाणीव. मुलीनं विचारलं, “मावशी, ह्या दोघी तिला घेतील ना?” मी “बघू” म्हटलं. खरं तर दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. घेणाऱ्या त्या दोघी होत्या, मी नव्हते.

जमलेल्या जोडीत तिसरी आणू नये, असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्यात तथ्य आहे. नरांच्या बाबतीत तर फारच. दोन नरांचं छान जमलेलं असताना तिसरा आला की बहुधा रक्त निघेपर्यंत जुंपते, आणि कधीकधी मूळची जोडीही कायमची तुटते. माद्यांचं त्या मानानं बरं. पण बरं म्हणजे सोपं नव्हे. तरीही मला राहून राहून वाटत होतं, की दोघींचं सुख मोडेल या भीतीनं तिसरीला जन्मभर एकटं ठेवणं हे काही न्यायाचं नाही. हे प्राणी पाच ते आठ वर्षं जगतात. अबोली त्यातलं एकच जगली होती.

नव्याला आधी दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं, हा पहिला नियम. शिंका येतात का, डोळ्यांतून पाणी येतं का, अंगावर गोल चकंदळं पडून केस गेलेत का, उवा आहेत का, हे पाहायचं. नायटा तर माणसालाही लागतो. आधी जुन्या दोघींचं आवरायचं, मग नवीचं, मग साबणानं हात. मादी दुकानातून आणलेली असेल तर ती गाभण नाही ना, याकडेही लक्ष ठेवायचं. त्यांचे दिवस साधारण 59 ते 72. पिल्लं उघड्या डोळ्यांनी, दातांसकट, अंगभर केसांनिशी जन्मतात आणि काही तासांत पळू लागतात.

मागच्या खोलीत अबोली, पुढच्या खोलीत जाई-जुई, आणि मध्ये बंद दार. ते दार बंद करताना मला दर वेळी परळ आठवायचं. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला, तेव्हा माणसानं माणसाला शिवायची भीती घेतली होती. घरोघरी झडत्या, वेगळे काढलेले रुग्ण, छावण्या. प्लेग जातो कसा एकाकडून दुसऱ्याकडे, हेच नक्की ठाऊक नव्हतं. 1905 मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळानं परळला, प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेच्या आवारात, त्यासाठी मुद्दाम लहान खोपटी बांधली आणि त्यांत गिनी पिग ठेवले. आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र, एकाच वाटीत खाणारी, अंगाला अंग लावून निजणारी. खोपट्यात पिसवा नव्हत्या तोवर निरोगी जनावर निरोगीच राहिलं. आजारी आईचं दूध पिणारी पिल्लंसुद्धा. पिसवा सोडल्या की मात्र रोग पसरला. मग पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या जनावराला प्लेग झाला, दोन फुटांवरच्याला झाला नाही. पिसवेची उडी तेवढी पोचत नाही. उंदरावरच्या पिसवेचा हा माग ग्लेन लिस्टन वगैरे संशोधकांनी मुंबईतच काढला.

ज्या शहरात शेजाऱ्याचा स्पर्श नकोसा झाला होता, त्या शहराला या मुक्या प्राण्यांनी सिद्ध करून दिलं, की दोष जवळ बसण्यात नाही. एकमेकांना चिकटून निजण्याची त्यांची सवय तिथे पुराव्याला आली. त्यासाठी किती जीव गेले ते वाचताना पोटात कालवतं, आणि तरी त्यांचं ऋण मानल्याशिवाय राहवत नाही. ‘गिनी पिग’ म्हणजे ‘प्रयोगाचं जनावर’ हा इंग्रजीतून आलेला अर्थ आपण इतका सहज वापरतो. परळची ती खोपटी मात्र क्वचितच कुणाला माहीत असतात.

आमच्याकडे पावसाळ्यात खरी काळजी असते ती गवताची. या प्राण्यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजायला आणि पोट चालायला दिवसरात्र वाळलं गवत चघळावं लागतं. भाताचा पेंढा अंथरायला चांगला, पण नुसत्या पेंढ्यावर त्यांचं भागत नाही. जूनपासून हवाच इतकी ओली, की दिवाळीनंतर कापून ठेवलेल्या गवताच्या भाऱ्यालाही आतून बुरशी धरते. ती हाताला आधी लागते, थोडी पिठूळ, मग नाकाला. बुरशीचं गवत म्हणजे छातीचा आजार. म्हणून पावसाळाभर आमच्या पडवीत दोरीवर कपडे कमी आणि गवत जास्त. वाडीवरून भारा घेऊन येणाऱ्या मावशी बांधावरची हिरवी हरळी वेगळ्या पेंडीत बांधून आणतात. “ह्यावर औषध मारलेलं नाय, तुझ्या सशांना खुशाल घाल,” म्हणतात. ससे नाहीत हे त्यांना माहीत आहे, पण त्यांनी ठरवलंय. शिवाय माणसासारखंच या प्राण्यांना क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागतं. ढोबळी मिरचीची फोड, कोथिंबीर, हंगामात आवळ्याची चकती.

गाठ घालून दिली ती श्रावणात. नव्या गिनी पिगची भेट कधी जुन्यांच्या पिंजऱ्यात घालायची नाही. जुन्यांना ते आक्रमण वाटतं. जागा अशी हवी, की तिथे कुणाचाच वास नाही. पडवीची शहाबादी फरशी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून घेतली. गवताचे ढीग एक नाही, चार. वाट्या गिनी पिगांपेक्षा जास्त. आणि आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना दोन्ही बाजूंनी दारं कापलेली. एकच दार असलं तर आत शिरलेली कोंडली जाते, आणि कोंडलेलं जनावर चावतं. समोर इर्शाळचा सुळका ढगात होता. सगळं तयार करून भिंतीला टेकून बसले, हाताशी जाड टॉवेल ठेवून. भांडणात उघडा हात घालायचा नसतो.

जाई आधी आली. अबोलीला मागून हुंगलं, पुढून हुंगलं. मग तिच्या अंगातून तो आवाज निघाला, खोल, सलग, घुमणारा. आणि त्या आवाजाबरोबर मागचा भाग डोलवत ती अबोलीभोवती सावकाश फिरली. दोघी समोरासमोर थांबल्या. जाईनं नाक वर उचललं. अबोलीनंही उचललं. मग जाईनं आणखी वर, इतकं की गळ्याखालचे विरळ केस दिसले. ज्याचं नाक वर, त्याचा मान मोठा, इतकं सरळ आहे ते. अबोलीनं मान खाली घातली. जाईला पुरे झालं. ती गवताकडे वळली.

त्रास दिला जुईनं. तोवर सगळ्यांत मागे असायची ती, आणि आता तिच्या मागे कुणी येऊ शकतं हे तिच्या ध्यानात आलं असावं. दात कटकटवत तिनं अबोलीला पडवीभर पिटाळलं, खोक्यातून बाहेर काढलं, कुल्ल्याजवळचे केस तोंडात धरून ओढले. अबोली किंचाळायची. त्या किंचाळीला रक्ताचा रंग नव्हता. ‘मी हरले, पुरे’ एवढंच ती सांगत होती. ऐकणाऱ्या माणसाचे हात मात्र शिवशिवतात. इथे उचलून वेगळं केलं, की त्यांचं बोलणं अर्ध्यात तुटतं आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. पिटाळणं, हुंगणं, पाठीवर चढणं, केस उपटणं हे चालू द्यायचं. दोघींनी अंग फुगवून, एकमेकींवर झेप घेऊन गुंडाळी केली किंवा रक्त दिसलं, तरच टॉवेल टाकायचा. मी टॉवेल मुठीत धरून ठेवला आणि टाकला नाही.

त्या तासांबद्दल मला फार वाटतं. प्रेम म्हणजे मध्ये पडणं, असं आपल्या हाडीमाशी रुजलेलं असतं. पडवीत त्या दिवशी प्रेमाचं काम एवढंच होतं, की जागा ऐसपैस ठेवायची, खाणं भरपूर ठेवायचं, पळायला वाट ठेवायची, आणि बसून राहायचं. आपण आणलेल्या जिवाला दुसऱ्यानं आपलं म्हणावं, हे आपल्या हातात नसतं. त्याला नाकारायचं कारण उरणार नाही, एवढी तजवीज तेवढी हातात असते.

संध्याकाळी काकडीची सालं टाकली तेव्हा तिघी तीन ढिगांवर होत्या. रात्री पिंजरा घासून, मांडणी बदलून, दोन जाळ्या जोडून तो वाढवला. दोघींना आठेक चौरस फूट पुरतात, तिघींना साडेदहा-अकरा तरी हवेत. रात्रभर अधूनमधून दातांचा आवाज येत राहिला. पुढे कितीतरी दिवस जुई अबोलीला पाण्याच्या बाटलीपाशी थांबवायची, म्हणून दुसरी बाटली दुसऱ्या टोकाला लावली. मग एका सकाळी ताजी हरळी पडली आणि अबोली जागच्या जागी हवेत उडाली, ज्वारीची लाही फुटावी तशी, अंगाला पीळ देत. आनंद झाल्यावर हे प्राणी असंच करतात. जुईनं तिच्याकडे पाहिलं आणि तिच्याच तोंडातलं पातं ओढून नेलं. अबोलीनं दुसरं घेतलं.

तिघींची आता एक जोडी आणि एक उपरी, अशी विभागणी राहिलेली नाही. जाईच्या पाठीवर अजून जुईचीच हनुवटी असते, तो हक्क तिनं सोडलेला नाही. अबोली थोडं अंतर ठेवून, पण त्याच खोक्यात निजते. उकाडा वाढला की तिघीही फरशीवर वेगवेगळ्या पसरतात. सव्वीस-सत्तावीस अंशांपुढे त्यांना सोसत नाही आणि आमच्या या खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको. तेव्हा बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवते. एक नाही, तीन.

मध्यंतरी जुईचा एक दात तिरका वाढला म्हणून तिला परळला, बैलघोडा हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. घरातले म्हणाले, एकटीलाच ने, रस्ता लांबचा. पण एकटी जाऊन दवाखान्याचा वास अंगाला घेऊन परत आली, तर बाकीच्या दोघी तिला परकी धरतील आणि नाक वर करण्यापासून सगळं पुन्हा सुरू होईल. म्हणून एकाच टोपलीत तिघी, खाली पेंढा, वर हरळीची पेंडी, आणि पनवेलपर्यंत तिघींचं अखंड खाणं.